हॉटेलात पर्यावरणाचा फायदा कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साठ खोल्यांचं हॉटेल आहे, मालकी तुमची आणि तुमच्या भावाची. गेल्या वर्षी तुम्ही प्लास्टिकच्या स्ट्रॉ बंद केल्या, बाथरूममध्ये ‘टॉवेल पुन्हा वापरा’ असं कार्ड ठेवलं, लॉबीत कुंड्या मांडल्या. वर्ष झालं तरी बिलं होती तेवढीच आहेत, पाहुणेही त्याबद्दल काही बोलत नाहीत. आता एका प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा असं तुमच्या मनात आहे आणि भाऊ म्हणतो, फायदा दिसत नाही तर पैसे कशाला घालायचे? म्हणून तुम्ही विचारताय की पर्यावरणपूरक होण्याचे हॉटेलला खरेखुरे फायदे कोणते.

भावाचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तुम्ही केलेल्या तीनही गोष्टी पाहुण्याच्या नजरेसमोरच्या आहेत, आणि हॉटेलचं पाणी, वीज, इंधन आणि अन्न वाया जातं ते पाहुण्याच्या नजरेआड. मी हाऊसकीपिंगमधून या धंद्यात आले, पुढे सगळ्या हॉटेलचं कामकाज सांभाळलं. बावीस वर्षांत मी जेवढी खरी बचत पाहिली त्यातली बहुतेक बॉयलरच्या खोलीत, लाँड्रीत, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आणि रात्री तीन वाजता मीटरसमोर झालेली आहे. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मी जरा बदलून घेते: फायदा नेमका कुठे उमटतो, आणि तो उमटला हे तुम्हाला कळणार कसं?

आधी एक कबुली. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर ठरेल. गरम पाणी तुम्ही विजेवर करता, गॅसवर की डिझेलवर, यावर बचतीचा आकडा पार बदलतो. इमारत जुनी असेल तर नळजोडणीतच निम्मी लढाई असते. हवामान कोरडं-थंड असेल तर खर्च पाणी आणि खोल्या तापवण्यात जातो, दमट-उष्ण असेल तर एसीत. वर्षभर खोल्या भरलेल्या असतात की फक्त हंगामात, हाही मोठा प्रश्न. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र चांगली आहे: मालक तुम्हीच आहात आणि चालवताही तुम्हीच. जिथे इमारत एकाची आणि चालवणारी कंपनी दुसरी असते, तिथे नवं यंत्र घ्यायचं एकाने आणि बिल कमी व्हायचं दुसऱ्याचं, अशी ओढाताण होते आणि चांगल्या चांगल्या योजना फाइलमध्ये पडून राहतात. तुम्हाला तो अडथळा नाही.

आता गरम पाण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक हॉटेलांत पहिला हात तिथेच घालावा असं माझं मत आहे. पाणी वाचलं की ते तापवायचं इंधनही वाचतं, म्हणजे एकाच कामात दोन बिलं उतरतात. एक साधा हिशेब मांडते. जुना शॉवर मिनिटाला १२ लिटर सोडतो असं धरा आणि नवा ८ लिटर. आठ मिनिटांच्या अंघोळीत ३२ लिटर वाचले. नळाचं पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला दर हजार लिटरमागे साधारण २३ युनिट उष्णता लागते. रोज ६० अंघोळी धरल्या तर दिवसाला सुमारे १,९०० लिटर पाणी आणि ४५ युनिट उष्णता वाचते. वर्षाचे झाले सात लाख लिटर आणि सोळा हजार युनिट, आणि यात बॉयलरमध्ये व पाइपांत वाया जाणारी उष्णता धरलेलीच नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मोजायला फक्त एक बादली आणि घड्याळ लागतं. प्रत्येक मजल्यावरच्या दोन खोल्यांत शॉवर पूर्ण सोडा, मिनिटभर बादलीत धरा, मोजा.

इथे एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. आम्ही सगळ्या खोल्यांत एकदम कमी प्रवाहाचे शॉवर बसवले. वरच्या दोन मजल्यांवर पाण्याचा दाब मुळातच कमी होता, तिथे धार इतकी बारीक झाली की पाहुण्यांच्या केसातला साबण निघेना. पंधरा दिवसांत तक्रारींचा ढीग झाला आणि मेंटेनन्सच्या मुलांनी गुपचूप आतल्या जाळ्या काढून टाकल्या. म्हणजे खर्चही झाला आणि बचतही गेली. तेव्हापासून माझा नियम आहे: आधी चार खोल्यांत बसवायचे, त्यांतली एक सगळ्यात वरच्या मजल्यावरची, त्या खोलीत मॅनेजरने स्वतः अंघोळ करायची, आणि दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवणारे शॉवर घ्यायचे. बेसिनच्या नळाचं सोपं आहे. तिथे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी छोटी जाळी, बसवला की धार हवेमुळे भरलेली वाटते आणि बदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि इथे एक इशारा, याबाबतीत माझी तडजोड नाही. इंधन वाचवायला कोणी गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ५० किंवा ४५ अंशांवर आणायला सांगेल. आणू नका. लेजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. त्याचं नावच १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या मेळाव्यातल्या लोकांना झालेल्या आजारावरून पडलं. टाकीत ६० अंश, आणि नळाशी येणारं गरम पाणी निदान ५० अंश, हे धरून चाला; पाहुण्याला चटका बसू नये म्हणून मिश्रण करणारा व्हॉल्व्ह शॉवरपाशी असू द्या. बरेच दिवस रिकाम्या राहिलेल्या खोल्यांतले नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडायला लावा. त्यात पाणी जातं, जाऊ दे. बचत करायची असेल तर टाकी आणि पाइपांना नीट वेष्टन करा. बॉयलरच्या खोलीत शिरल्यावर उकडत असेल तर तुम्ही खोली तापवताय, पाणी नाही.

आता रात्रीची गोष्ट. एका हॉटेलात मी नवी रुजू झाले तेव्हा पाण्याचं बिल खोल्यांच्या मानाने फार होतं. सगळे म्हणायचे, पाहुणे पाणी उधळतात. मी आणि आमचे इंजिनिअर रात्री तीन वाजता मुख्य मीटरसमोर टॉर्च घेऊन बसलो. लाँड्री बंद, स्वयंपाकघर बंद, बहुतेक पाहुणे झोपलेले. काटा थांबायला हवा होता, निदान रेंगाळायला हवा होता. तो संथ पण एकसारखा फिरत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही खोल्याखोल्यांत जाऊन फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकला आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबलो. अकरा खोल्यांत रंग खाली कमोडमध्ये उतरला होता. आवाज नाही, थेंब नाही, भांड्याच्या मागच्या बाजूने केसाएवढी धार. मिनिटाला अर्धा लिटर गळाला तरी दिवसाला ७२० लिटर होतात. दुरुस्ती काय, तर आतली रबराची झडप बदलायची. एका माणसाचं दोन दिवसांचं काम. पाहुण्यांवर घेतलेला आळ निराधार निघाला याचं मला जास्त बरं वाटलं.

तेव्हापासून मी कुठल्याही हॉटेलात गेले की पहिल्या आठवड्यात रात्रीचं मीटर वाचते. विजेचंही तसंच. रात्रीची किमान वीज हा तुमच्या हॉटेलचा पाया आहे: कोणी काही वापरत नसताना इमारत स्वतः जे खाते ते. तो पाया दहा टक्क्यांनी खाली आला तर त्याचा फायदा वर्षाचे सगळे तास मिळतो. बंद बँक्वेट हॉलमधला एसी, रिकाम्या स्वयंपाकघरात फिरणारा धूर ओढणारा पंखा, तळघरातले चोवीस तास जळणारे दिवे, दरवाजाचं रबर फाटलेली शीतखोली, हे सगळं रात्रीच सापडतं.

पंख्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती मला आमच्या इंजिनिअरने समजावली आणि मी पुढे अनेकांना सांगितली. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी लागते. म्हणून स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा दिवसभर पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा चुली पेटलेल्या असतील तसा वेग कमी-जास्त करणारं नियंत्रण बसवणं फार फायद्याचं ठरतं. शिवाय तो पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच आत ओढतो, आणि ती बऱ्याचदा जेवणाच्या हॉलमधली थंड केलेली हवा असते, म्हणजे एसीवरचा भारही त्यातच दडलेला असतो.

आता टॉवेलच्या कार्डाकडे येते, कारण तुमचं दुखणं तिथलं आहे आणि माझा जीवही त्या कामात आहे.

मी एकदा सकाळभर एका मुलीबरोबर तिची ट्रॉली घेऊन खोल्या करत फिरले. तिसऱ्या खोलीत पाहुण्याने दोन्ही टॉवेल दांडीवर नीट वाळत घातले होते, कार्डात सांगितलं होतं तसेच. तिने ते सहज ओढून मळक्या पिशवीत टाकले आणि नवे लावले. मी विचारलं, अगं, त्यांनी तर ठेवायला सांगितलंय ना? ती म्हणाली, “मॅडम, वापरलेला टॉवेल राहिला तर सुपरवायझर म्हणतात खोली केलीच नाही. माझे गुण कापतात.” आमच्याच तपासणीच्या कागदावर ‘सर्व लिनन बदलले’, म्हणजे चादरी-टॉवेल वगैरे, असा रकाना होता. पाहुणा आमचं ऐकत होता आणि आमची पद्धतच त्याला खोटं पाडत होती. पाहुण्याच्या लक्षात हे येतं बरं का. पहिल्या दिवशी टॉवेल टांगलेला, संध्याकाळी नवा टॉवेल. दुसऱ्या दिवसापासून तो जमिनीवर टाकायला लागतो, आणि हॉटेलचं बाकीचं बोलणंही खोटं समजायला लागतो.

तुमच्याकडे हेच चाललंय का, ते आधी पाहा. बिलात फरक न दिसण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. उपाय असा: तपासणीच्या कागदावरचा तो रकाना बदला, टांगलेला टॉवेल नीट सरळ करून ठेवणं हेच ‘खोली झाली’ असं ठरवा, आणि लाँड्रीत रोज भरलेल्या खोल्यांमागे किती किलो लिनन आलं हे फळ्यावर लिहा. आम्ही फक्त हे तीन बदल केले. दोन आठवड्यांत फळ्यावरचा आकडा उतरायला लागला आणि मुलीच एकमेकींना विचारू लागल्या, आज किती?

कार्डावरचे शब्दही महत्त्वाचे आहेत. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या तीन संशोधकांनी हॉटेलच्या खोल्यांत याचा प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरण वाचवा’ एवढंच लिहिलेल्या कार्डाला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिलं तर ४४ टक्क्यांनी. दुसऱ्या फेरीत ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी पुन्हा वापरले’ असं लिहिल्यावर प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत गेलं. माणूस उपदेशापेक्षा शेजाऱ्याकडे बघतो. फक्त तुमच्या हॉटेलात ते खरं असेल तरच लिहा. आधी महिनाभर मोजा, मग कार्ड छापा.

लाँड्री तुमच्याच आवारात असेल तर तिथे तासभर नुसते उभे राहा. ड्रायर घड्याळावर लावलेले असतात, कपडे वाळले की नाही यावर नाही. चादरी पुढे गरम रोलरवर जाणार असतील तर त्या ड्रायरमध्ये पूर्ण वाळवायची गरजच नसते. पिळून निघालेला ओलावा रोलरवर उडतो आणि चादर उलट जास्त गुळगुळीत होते. अति वाळवल्याने इंधन जातं ते जातंच, कापडही झिजतं. ड्रायरच्या जाळीवर जमणारा तो कापसासारखा पुंजका म्हणजे तुमचाच टॉवेल असतो, थोडा थोडा करून गेलेला. लिननचं आयुष्य वाढणं हा फायदा वीजबिलात कधीच दिसत नाही, तो वर्षाच्या खरेदीत दिसतो. भावाला दाखवताना तो कागद विसरू नका.

याच जागी एक सावधगिरी. हल्ली ‘खोली साफ करून नको असेल तर सवलत’ अशी योजना पर्यावरणाच्या नावाने काढतात. तीन दिवस न उघडलेली खोली चौथ्या दिवशी साफ करायला दुप्पट जोर लागतो, आणि त्या मुलीला मात्र रोजच्याइतक्याच खोल्या दिलेल्या असतात किंवा तिचे तास कापलेले असतात. काही देशांत हॉटेल कामगारांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला तो उगीच नाही. ही योजना करायची असेल तर अशा खोलीला जास्त वेळ धरा आणि कोणाचे तास कमी करू नका. ज्या माणसांच्या हातून सगळी बचत होणार आहे त्यांच्याच पोटावर पाय आला, तर ती बचत टिकत नाही. उलट त्यांना सोबत घेतलं तर माणसं टिकतात, आणि आपल्या धंद्यात नवा माणूस तयार करायला किती दिवस जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते, जरी तिथला पैसा थोडका नाही. वाया जाणारं अन्न तीन वेगळ्या डब्यांत टाकायला सांगा: कोठारात खराब झालेलं, चिरताना-शिजवताना गेलेलं आणि ताटात किंवा बुफेवर उरलेलं. रोज तिन्ही डबे तोला. दोन आठवड्यांत कळतं की रोग कुठे आहे, कारण तिघांवरचे उपाय वेगळे आहेत: पहिल्यावर खरेदी, दुसऱ्यावर हात आणि सुरी, तिसऱ्यावर वाढण्याची पद्धत. आमच्याकडे दोष तिसऱ्यात होता. नाश्त्याच्या बुफेच्या शेवटच्या पाऊण तासात भांडी भरलेली दिसावीत म्हणून पुन्हा ओतली जायची आणि अर्धी फेकली जायची. शेवटच्या पाऊण तासासाठी लहान भांडी आणली, एवढंच केलं. एकाही पाहुण्याने कमी पडलं म्हटलं नाही. २०१८ साली १५ देशांतल्या ४२ हॉटेलांचा हिशेब मांडला गेला, त्यात अन्नाची नासाडी कमी करायला घातलेल्या पैशाच्या सरासरी सातपट परत आल्याचं दिसलं. माझा अनुभव पाहता मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही, कारण टाकलेल्या अन्नात ते विकत घेतल्याचा, शिजवल्याचा आणि उचलून नेल्याचा, असा तिहेरी खर्च असतो.

एसी आणि शीतखोल्यांतल्या वायूबद्दल मात्र जरूर विचारा. वीज वाचवणारे सगळेच त्याबद्दल विसरतात. आर-४१०ए हा वायू बऱ्याच एसींमध्ये असतो; तो एक किलो गळाला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं २०१६ च्या किगाली करारात ठरलेलं आहे, त्यामुळे जुन्या वायूवरची यंत्रं पुढे दुरुस्त करणंही अवघड होत जाणार. दरवर्षी कुठल्या यंत्रात किती वायू भरला याची वही ठेवा. पुन्हा पुन्हा भरावा लागतोय म्हणजे गळतोय. नवं यंत्र घेताना विजेबरोबर वायूही बघून घ्या.

आतापर्यंत मी खर्च कमी होण्याविषयी बोलले. उत्पन्न वाढतं का? इथे मी हात राखून बोलेन. पर्यावरणासाठी जास्त भाडं आनंदाने देणारे पाहुणे मला थोडे भेटले. पण कंपन्यांची खोल्यांची कंत्राटं, परिषदा, सहलींचे मोठे आयोजक यांच्याकडून येणारे प्रश्नपत्रक गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे. एका रात्रीच्या एका खोलीमागे किती कार्बन, असं ते सरळ विचारतात. तो आकडा काढायची एकसारखी पद्धत हॉटेल उद्योगाने २०१२ सालीच तयार केली आहे, आणि त्यासाठी लागते ती माहिती साधी आहे: वीज, इंधन, बाहेर धुवायला दिलेलं लिनन, खोल्यांचं आणि सभागृहांचं क्षेत्रफळ, भरलेल्या खोल्या. मीटरची वही नीट असेल तर एका दुपारचं काम आहे. नसेल तर तो रकाना रिकामा जातो आणि तुम्ही पहिल्याच चाळणीत गळता. का गळलात हेही कोणी कळवत नाही. आमचं एक मोठं कंत्राट असंच गेलं होतं, आणि दोन वर्षांनी ते परत मिळालं तेव्हा बाकी सगळं तेच होतं, फक्त तो रकाना भरलेला होता.

आणखी एक फायदा आहे, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. एका उन्हाळ्यात आमच्या भागातला पाणीपुरवठा निम्म्यावर आला. आसपासची हॉटेलं टँकरच्या मागे धावत होती, काहींनी मजले बंद केले. आम्ही दोन वर्षं गळती काढण्यात आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून बागेला व फ्लशला वळवण्यात घालवली होती. आम्ही चालू राहिलो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजूबाजूच्या घरांच्या वाट्याचं पाणी आम्ही ओढलं नाही. हॉटेल एका वस्तीत उभं असतं. तिथल्या लोकांच्या नळाला पाणी नसताना आपला तरणतलाव भरलेला असणं मला कधीच योग्य वाटलं नाही.

प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलं होतं. माझं मत: घ्या, पण वर्षभराने. ज्यात बाहेरचा तपासनीस प्रत्यक्ष येऊन बिलं आणि यंत्रं बघतो असंच घ्या. फॉर्म भरून फी दिली की मिळणारं घेऊ नका. एक गोष्ट माहीत असू द्या. पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या दिखाव्याला ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ साली वापरला, तो टॉवेलच्या कार्डावरूनच. फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये त्यांनी टॉवेल पुन्हा वापरून समुद्र वाचवा असं कार्ड वाचलं, आणि तेच रिसॉर्ट तेव्हा किनाऱ्यावर आपला विस्तार करत होतं. आता कायदेही येत आहेत: युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याशिवाय ‘पर्यावरणपूरक’ असं मोघम लिहिणं हा ग्राहकाची फसवणूक करणारा प्रकार ठरेल. तुम्ही युरोपात नसलात तरी तिथून पाहुणे आणणाऱ्या कंपन्या तोच निकष तुम्हालाही लावतील. म्हणून वेबसाइटवर ‘हरित हॉटेल’ असं लिहिण्यापेक्षा ‘भरलेल्या खोलीमागे पाणी गेल्या वर्षीपेक्षा इतकं कमी’ असं लिहा. आधी करा, मोजा, मग सांगा.

थोडक्यात क्रम असा धरा. पहिले दोन महिने एकही वस्तू विकत घेऊ नका, फक्त मोजा आणि गळती बंद करा. मग सवयी आणि तपासणीचे कागद बदला: लिनन, ड्रायर, बुफे, रिकाम्या खोल्यांतला एसी. तिसऱ्या पायरीवर लहान खरेदी, म्हणजे शॉवर, एरेटर, पाइपांचं वेष्टन, जिथे राहिले असतील तिथे एलईडी. मोठी यंत्रं, पाणी तापवणारा हीट पंप किंवा एसीसाठी पाणी थंड करणारा नवा चिलर, जुनं यंत्र बदलायची वेळ येईल तेव्हाच; पण त्याचा अभ्यास आत्तापासून करा, कारण यंत्र बंद पडल्यावर माणूस घाईत जुन्यासारखंच घेतो. आणि पहिल्या दोन पायऱ्यांत वाचलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, पुढची खरेदी त्यातून करा. भावाशी वाद घालायची गरज पडणार नाही, खातंच त्याच्यासमोर असेल.

बिलाची तुलना करताना नुसता महिन्याचा आकडा बघू नका. गेल्या वर्षी चाळीस खोल्या भरलेल्या आणि यंदा पंचावन्न असतील, तर बिल तेवढंच राहणं हीच बचत आहे. पाणी आणि वीज दोन्ही भरलेल्या खोल्यांच्या संख्येने भागा आणि मग मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. तुमच्याकडे ‘फरक नाही’ म्हणताना हा भागाकार झाला होता का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आज रात्रीपासून सुरुवात करता येईल. रात्री दोनला आणि चारला पाण्याचं व विजेचं मुख्य मीटर वाचायचं, वहीत लिहायचं, सलग सात रात्री. रात्रपाळीच्या माणसाला सांगा, पण पहिल्या रात्री तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा. दोन तासांत पाण्याचा काटा किती फिरला तो आकडा आणि तेव्हा किती खोल्या भरलेल्या होत्या, एवढं लिहून पाठवा. फ्लशपासून सुरुवात करायची की मुख्य पाइपापासून, ते त्यावरून मी तुम्हाला सांगू शकेन.